दुसरा कर्णा

आमच्या यांचा आवाज दुष्काळात गेला, खडीच्या धुळीनं गेला, असं आमच्याकडं सगळे सांगतात. कुणी विचारलं तर मीही तेच सांगत आले. आता कुणाला काय पडलंय त्याचं? पण लिहायलाच बसलेय तर खरं लिहावं. आवाज धुळीनं गेला नाही, आमच्याच लाऊडस्पीकरपायी गेला. आणि तो लाऊडस्पीकर भावजींनी नाही, पेटीमास्तरांनी नाही, मी निवडला होता.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं, कोरडवाहू. बाजरी झाली तर झाली, नाहीतर हुलगे. गाव वर टेकाडावर आणि आमची वस्ती खाली ओढ्याच्या अंगाला. मधे एक चढ. चढ म्हणजे काही डोंगर नव्हता, भरली घागर घेऊनही मला कधी दम लागला नाही. पण आमचं वर जाणं कामापुरतं. काम झालं की खाली.

धर्मांतराला तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली होती आणि वस्त्या-वस्त्यांतून गायन पार्ट्या निघाल्या होत्या. आमचीही एक होती, चार माणसांची. हे गायचे. माझे धाकटे दीर, म्हणजे भावजी, ढोलकीवर. शेजारच्या गावचे एक प्राथमिक शिक्षक पेटी वाजवायचे, त्यांना सगळे पेटीमास्तरच म्हणत. आणि मी मागं टाळ घेऊन कोरसला. बाईमाणूस पार्टीत कशाला, असं सासूबाईंनी दोन वर्षं ऐकवलं. नंतर दमल्या.

हे सरकारी रस्त्यावर मैलकुली होते. दिवसभर खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं. शाळा दोन यत्ता. पण गाणी यांचीच, स्वतः रचलेली. फावडं मारता मारता रचायचे आणि संध्याकाळी चुलीपुढं बसून मला सांगायचे. मी सातवी पास, मी वहीत उतरवून घ्यायची. सांगताना हळू गुणगुणत सांगायचे. तो आवाज वस्तीतल्या कुणी ऐकला नव्हता. खरं सांगू का, मला तोच जास्त आवडायचा.

कार्यक्रमातला आवाज वेगळा. माईकबिईक काही नव्हता. समोर तीनचारशे माणूस, मागं पोरांचा कालवा, शेजारी ढोलकी. हे डावा हात कानावर धरायचे, मान ताणायचे आणि आवाज फेकायचे. शेवटच्या माणसापर्यंत जायचा. जयंतीला एका वस्तीत, लग्नसराईत दिवसाआड दुसऱ्या वस्तीत, असं सहा-सात वर्षं चाललं. मग सकाळी उठल्यावर आवाजच निघेना. चहा होईपर्यंत हातवारे. मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झाला, कुणी काय सांगेल ते झालं. शेवटी मी हट्टानं नगरला नेलं.

डॉक्टरांनी घशात आरसा घालून बघितलं. म्हणाले, "गाणं सोडा."

यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "ते व्हायचं न्हाई. दुसरं काय असंल ते सांगा."

डॉक्टर हसले. भला माणूस होता. "मग ओरडू नका. माईक घ्या आणि घरात बोलता तसं गा. असंच ओरडत राहिलात तर एक दिवस आवाज बसेल तो उठायचा नाही."

येताना आम्ही यष्टीत बसलो. हे खिडकीतून रस्त्याचे खड्डे बघत होते. तेवढं बरोबर होतं, ती यांची सवयच. आवाज गेला तर या माणसाजवळ फावडं सोडून दुसरं काय राहणार, हे मला यांच्यापेक्षा जास्त कळत होतं.

मांडववाल्याकडून सेट भाड्यानं आणावा तर आम्हाला मिळणारी सुपारी त्यालाच द्यावी लागली असती. म्हणून ठरलं, स्वतःचाच घ्यायचा, जुना का होईना. पार्टीजवळ थोडे साठलेले होते. बाकीचे माझे. माझ्या दोन शेळ्या होत्या, पाटीसकट, म्हणजे पिलासकट, त्या मी पारनेरच्या बाजारात विकल्या. रडले नाही, पण त्या दिवशी घरात जो बोलला त्याला माझ्याकडून ऐकून घ्यावं लागलं.

निघायच्या आदल्या दिवशी भावजींनी एक काम केलं. आमच्या वस्तीत मधोमध मोकळी जागा होती, तिथंच सगळे कार्यक्रम व्हायचे. तिथून चढ चढून वरच्या गावातल्या पारापर्यंत ते पावलं मोजत गेले. साडेसहाशे भरली. पारावर बसलेल्यांनी विचारलं, काय रे, काय मोजतो? भावजी म्हणाले, काय न्हाई, पाय मोकळे करतोय. आणि खाली आले. तो आकडा त्यांनी काडी चुन्यात बुडवून घराच्या भिंतीवर लिहून ठेवला.

म्हणजे कुठला सेट चांगला हे आमचं आधीच ठरलं होतं. ज्याचा आवाज साडेसहाशे पावलं जाईल तो चांगला. नगरला चाललो होतो ते घसा वाचवायला, पण घशाचं मोजमाप कुणाजवळच नव्हतं.

नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर उतरून विचारत विचारत एका दुकानात गेलो. दुकानदार लष्करात वायरलेसवर होता, पेन्शन घेऊन छावणीच्या बाजूला दुरुस्तीचं दुकान टाकलेलं. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट. मला पहिल्यांदा खुर्ची दिली. आमच्यातल्या कुणाला दुकानात खुर्ची मिळाली की आम्ही आधी जरा घाबरायचोच.

"गावात वीज आहे?" त्यानं विचारलं.

"खांब आलेत," भावजी म्हणाले.

"तारा?"

"तारा न्हाईत."

"मग हा विसरा." त्यानं मोठ्या थोरल्या वाल्वच्या सेटवर हात ठेवला. आत काचेचे दिवे, चालू केला की लालभडक होणारे. पेटीमास्तरांचा त्याच्यावर जीव बसला होता. "आवाज काय गोल येतो हो," ते म्हणत होते. गोल येवो नाहीतर चौकोनी, विजेशिवाय तो चालणार नव्हता. पेटीमास्तर त्यावरून संध्याकाळपर्यंत रुसले.

मग ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर बघितला. मोटारीच्या बॅटरीवर चालणारा, एका बाजूनं चेपलेला, पण धडधाकट. तो ठरला. जुनी बॅटरी ठरली. जाळीचा एक माईक आणि दांडा. एक कर्णा. एवढं झाल्यावर थोडे पैसे उरत होते. त्या माणसानं फळीवरून एक लाकडी खोका खाली काढला. जुन्या रेडिओचा स्पीकर, भोवती फळ्या ठोकलेल्या, तोंडाला गोणपाट.

"हा कशाला?" भावजींनी विचारलं.

"तुमच्यासाठी. कर्ण्याचं तोंड लोकांकडे, तुम्ही बसणार मागे. तुम्हाला काय ऐकू येणार? हा गाणाऱ्याच्या पायाशी ठेवायचा, माईकची पाठ याच्याकडे करून." मग त्यानं यांना विचारलं, "भाऊ, तुम्ही स्वतःचा आवाज कधी ऐकलाय?"

"म्हंजी? रोजच ऐकतो की."

"तो आतून. बाहेरून?"

हे हसले. त्या काळी आमच्यात कुणी स्वतःचा आवाज बाहेरून ऐकलेला नव्हता. कुठं ऐकणार? लोक सांगायचे चांगला आहे, आम्ही मानायचो.

"आपला आवाज आपुन ऐकून काय करायचंय?" भावजी म्हणाले. "लोकांनी ऐकायचा. दुसरा कर्णा असंल तर दाखवा."

दुसरा कर्णा होता. खोक्याची किंमत कुणी विचारलीच नाही. पण कर्णा घेतला की आमच्याजवळ यष्टीच्या भाड्यापुरतेच उरत होते. खोका तरी, नाहीतर कर्णा तरी.

आधी परीक्षा घेऊ, असं ठरलं. दुकानामागं मोकळं मैदान होतं. एक कर्णा लिंबाच्या फांदीला बांधला, तोंड मैदानाकडं. हे माईकपुढं उभे राहिले. वायर पायात येऊ नये म्हणून ती धरून मी यांच्या मागं. भावजी आणि पेटीमास्तर पावलं मोजत निघाले. हे गायला लागले. भावजी लांब लांब जात अगदी बारके झाले, साडेसहाशेला थांबले आणि खांद्यावरचा टॉवेल काढून गरागरा फिरवायला लागले. आवाज पोचला होता. रस्त्यानं जाणारे दोन सायकलवाले उतरून ऐकत उभे राहिले.

मी मागं होते. मला कर्ण्याचा आवाज येत होता तो पार मैदानापलीकडच्या भिंतीवर आपटून, उशिरा, अर्धामुर्धा. जवळून येत होता तो यांचा नुसता अंगचा आवाज, नेहमीसारखा. आणि गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, त्याही नेहमीसारख्या.

मी म्हटलं, "अहो, हळू गा की."

"हळूच गातोय," हे म्हणाले. आणि यांना खरंच तसं वाटत होतं.

भावजी पळतच परत आले. घामाघूम. "वैनी, एक एक शबूद कळत हुता! पन एक गोष्ट हाय. कर्णा वर गावाकडं फिरवला तर आपली मानसं खाली बसत्यात, त्यास्नी काय? आन आपल्याकडं ठेवला तर वर कसं जायाचं? दोन पायजेत. एक इकडं, एक तिकडं."

म्हणजे दुसरा कर्णा जे ऐकायला येणारच नव्हते त्यांच्यासाठी होता. हे आत्ता लिहिताना मला दिसतं. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले, कारण शेळ्या माझ्या.

इथं मला एका बाईबद्दल सांगितलं पाहिजे. वरच्या गावात एका बाईच्या रानात मी खुरपायला जायची. बाई वाईट नव्हती. पण दर खेपेला म्हणायची, "तुझा नवरा गातो म्हणं." दर खेपेला! सहा-सात वर्षं आम्ही खाली गात होतो, तिचं घर पारापासून चार पावलांवर, आणि तिला ते अजून कुणाकडून तरीच कळत होतं. मी मान खाली घालून खुरपत राहायची आणि मनात म्हणायची, एक दिवस तुझ्या घरात येऊन ऐकवीन. मी तर जाऊ शकत नव्हते. आवाज जाईल.

"कर्णा घ्या," मी म्हटलं.

आम्ही दुकानात परत आलो तेव्हा दुकानदारानं खोका हातातच धरला होता. "बाई, गाणार कोण?"

"हे."

"मग यांना विचारा की."

"ती म्हनंल ते," हे म्हणाले.

त्यानं खोका परत फळीवर ठेवला. म्हणाला, "पैशाचं राहू द्या, नंतर आणून द्या, घेऊन जा." पण उधारी नको म्हणून आम्हीच मान हलवली. मोठे मानी! आता वाटतं, तिथंच कुणीतरी माझ्या थोबाडीत द्यायला हवी होती.

त्या वर्षीच्या जयंतीला संध्याकाळी दिवे लागायच्या आत आमचे कर्णे वस्तीत उभे राहिले. एकाच वेळूला दोन, तोंडं दोन दिशांना. बॅटरी भावजी सायकलच्या कॅरिअरला बांधून पारनेरहून भरून घेऊन आले होते. पोरंटोरं माईकच्या जाळीला हात लावून बघत होती. पेटीमास्तर पँट-शर्टात आले. यांना म्हणाले, "आता माईक आहे. कानावर हात ठेवायचं सोडा. गावंढळ दिसतं ते." सगळ्यांना पटलं. मलाही. यांनी हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. पहिलं अर्धं गाणं होईपर्यंत त्या हाताला काय करावं ते कळत नव्हतं.

कार्यक्रम असा झाला म्हणून सांगू! म्हातारीकोतारी माणसं उठून नाचली. वरच्या पाराकडं कंदिलाच्या उजेडात चार-दोन माणसं उभी राहून खाली बघत असलेली दिसली. भावजी ढोलकी वाजवता वाजवता मला डोळ्यानं खुणावत होते. खोटं कशाला बोलू? तो दिवस मी माझ्या आयुष्यातून काढून टाकायला आजही तयार नाही.

दुसऱ्या दिवशी रानात त्या बाईनं मला बघितलं. मी मुद्दाम तिच्या पुढ्यातलाच वाफा घेतला होता.

"ऐकलं गं रात्री," ती म्हणाली. "लई मोठ्यांदा लावता."

मोठ्यांदा म्हणाली. चांगलं म्हणाली नाही. पण "म्हणं" गेलं होतं. मला तेवढं पुरलं. त्या दिवशी मी दोन वाफे जास्त खुरपले.

त्या लग्नसराईत आम्हाला सुपाऱ्यांवर सुपाऱ्या. दोन कर्ण्यांची पार्टी म्हणून नाव झालं. लोक गाण्याआधी कर्णे किती ते विचारायचे. यांचा घसा? बसत होताच. पण आता माईक आहे, काळजी नाही, असंच सगळे धरून चाललो होतो. सकाळी हातवारे करायला लागले की मी म्हणायची, कालचं सरबत बाधलं असंल. लग्नात कुणीतरी दिलेलं असायचं. मला कारण पाहिजे होतं, मिळालं की मी गप्प.

मग राहात्याकडचं लग्न आलं. माझ्या मामेबहिणीच्या नणंदेचं. बागायती भाग, पाटाचं पाणी, ऊस. तिथं वीज होती, पण आमचा सेट बॅटरीचा, तो आम्ही नेला. भर दुपारचा कार्यक्रम, मांडव मोठा. आम्ही लागोपाठ गात होतो. हे नेहमीसारखे तालात. तेवढ्यात मागून एक फेटेवाला बाबा माणसांतून वाट काढत पुढं आला आणि स्टेजच्या कडेला उभा राहून ओरडला, "अहो, बंद पडलंय तुमचं! कवाचं!"

बॅटरी उतरली होती. भावजींनी विचारलं, "कवापास्नं?"

"दोन गानी झाली की!"

मांडव हसला. आम्हीही हसलो. पेटीमास्तर म्हणाले, "बघा, आमच्या गायकाला माईकची गरजच नाही." त्यावर टाळ्या पडल्या. हेही हसले आणि गळ्यावरचा घाम पुसला.

माझे टाळ हातातच राहिले. दोन गाणी लाऊडस्पीकर बंद होता आणि स्टेजवरच्या आम्हा चौघांपैकी एकालाही कळलं नव्हतं. का कळावं? आम्हाला तो चालू असतानाही ऐकू येत नव्हता. आणि हे, चालू असतानाही आणि बंद असतानाही, गात होते तेवढ्याच जोरानं. पूर्वीसारखेच. उलट पूर्वी निदान कानावर हात तरी होता, त्या हातानं स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यायचा. तो हात आम्ही गावंढळ म्हणून काढून घेतला होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, घरात बोलता तसं गा. या माणसानं एकही गाणं तसं गायलं नव्हतं आणि शेळ्या विकून मी त्याच्या डोक्यावर दोन कर्णे बांधले होते.

परतताना यष्टीत मी म्हटलं, "तुमी माईक असून ओरडताय."

"मला ऐकूच येत न्हाई गं," हे म्हणाले. आवाज एवढा बसला होता की मला वाकून ऐकावं लागलं. "ढोलकी तेवढी येती. मग अंदाजानं गातो. जोरात गायलं म्हंजी पोचत असंल असं वाटतं."

"आन हे कवापास्नं?"

"पैल्या दिवसापास्नं."

माझं डोकं फिरलं. भर यष्टीत मी ओरडले, "मग तोंड शिवलं हुतं का? बोलायचं न्हाई आधी?"

पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. हे खिडकीकडं बघत म्हणाले, "तू कर्णा म्हनलीस ना."

मी पदर तोंडाला लावला आणि स्टँड येईपर्यंत तो काढला नाही.

चार दिवसांनी पारनेरजवळच एक लग्न होतं, सुपारी घेतलेली. शब्द दिलेला. तेवढं उरकू आणि लगोलग नगरला जाऊन तो खोका घेऊन येऊ, असं ठरलं. मी म्हटलं, ह्या वेळी कानावर हात ठेवा, मास्तर काय म्हणायचं ते म्हणू देत. यांनी ठेवला. तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला आवाज अडकला. चिरकला नाही, फाटला नाही, नुसता थांबला. तोंड उघडं, मान ताणलेली, हात कानावर आणि काही नाही. भावजींना कळलं नाही, ते आठ-दहा ठेके वाजवत राहिले. मग मी पुढं सरकून ते कडवं म्हटलं. गाणी मला सगळी पाठ होती, माझ्याच अक्षरातली. तो कार्यक्रम मीच पुरा केला. लोकांना वाटलं, तसंच बसवलंय.

डॉक्टरांनी सहा महिने तोंडातून शब्द काढू नका म्हणून सांगितलं. यांनी काढला नाही. त्याच वर्षी पाऊस आला नाही. लग्नं थांबली, गाणी थांबली, सगळा तालुका दुष्काळी कामावर खडी फोडायला बसला. आम्हीही बसलो, यांची मैलकुलीची नेमणूकही तिथंच झाली होती. हे सगळ्या गर्दीत गप्प खडी फोडायचे. लोकांनी यांना तिथं गप्प बघितलं, आणि पुढं कधीतरी त्यांच्या डोक्यात धूळ आणि आवाज यांची गाठ पडली. यांनी ती सोडवली नाही. मीही नाही. मला सोयीचंच होतं ते.

सहा महिने झाले, वर्ष झालं. आवाज परत आला तो सुपात दाणे घोळवल्यासारखा, खरखरीत. बोलण्यापुरता. त्यावर आमच्या घरात रडारड झाली नाही. हे गाणी रचत राहिले, मात्र गुणगुणणं सोडून दिलं. चाल पेटीमास्तरांकडून बसवून घ्यायची, आणि मला शब्द तेवढे सांगायचे.

दुष्काळ सरला, पुढची जयंती आली, तसे भावजी येऊन म्हणाले, "वैनी, लोक इचारत्यात. गानी तुमाला पाठ हायेत. तुमीच गावा आता." मी म्हटलं, "आधी मी नगरला जानार. मग बघू."

एकटी गेले. दुकानदारानं ओळखलं. फळीवर तोच खोका होता की त्यानं दुसरा केला होता, मला माहीत नाही. गोणपाट मात्र तसंच. किंमत ऐकली आणि मी तिथंच खुर्चीत बसले. एक कोंबडी विकली असती तरी आला असता. माझ्याजवळ तेव्हाही कोंबड्या होत्या.

त्यानं पाणी दिलं. वायर कुठं जोडायची, खोका कसा ठेवायचा, म्हणजे शिट्टी वाजणार नाही, ते सगळं कागदावर चित्र काढून दिलं. मी ते घडी करून पोलक्यात ठेवलं.

जयंतीच्या आदल्या दुपारी आम्ही अंगणात सेट लावून बघत होतो. आवाज गेल्यापासून सेटचं सगळं हेच बघायचे. बॅटरी भरून आणायची, वायरी पुसायच्या, जोडायच्या. कर्णे अजून जोडले नव्हते, नुसता खोका. मी चुलीवर भाकरी टाकत होते, हात पिठानं भरलेले. आतूनच ओरडले, "हॅलो म्हनून बघा की तुमीच!"

"हॅलो," हे म्हणाले. खोक्यातून तो शब्द बाहेर आला. मग काही नाही. मला वाटलं, वायर निघाली. मी दारात आले.

हे खोक्याकडं बघत उभे होते. माईक तोंडाजवळ. मग डावा हात आपोआप कानाकडं गेला, मधेच थांबला आणि खाली आला. यांनी स्वतःच्या एका गाण्याची एक ओळ म्हटली. हळू. चुलीपुढं म्हणायचे तशी. दोन वर्षांत पहिल्यांदा. खोक्यातून ती जशीच्या तशी आली, एवढी स्पष्ट की आतला प्रत्येक खरखरता दाणा ऐकू येत होता. दांड्यापासून जरा मागं सरकून यांनी तीच ओळ परत म्हटली आणि म्हणता म्हणता पुरी ऐकून घेतली.

"पैल्यांदा ऐकला गं माझा आवाज," हे म्हणाले. "त्यो बी ह्यो."

तव्यावरची भाकरी करपत होती. मी तशीच उभी राहिले. यांनी दांड्यावरचा माईक काढून माझ्या पिठाच्या हातात दिला, खोक्याचं तोंड माझ्याकडं करून तो नीट सरळ केला आणि म्हणाले, "तू हळू गा."